पेटावॉट मोजून झाले, आता स्पंद मोजा : प्रखर लेसर प्रकल्पांच्या समित्यांना खुलं पत्र

प्रति,
प्रखर लेसरचे प्रकल्प मंजूर करणाऱ्या, त्यांची उद्दिष्टं ठरवणाऱ्या आणि तिथला बीम टाइम, म्हणजे यंत्र वापरायची वेळ, वाटून देणाऱ्या समित्यांचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

लेसरचा स्पंद, म्हणजे प्रकाशाचा क्षणिक झोत, आणि प्रकाशाच्या वेगाला टेकलेले इलेक्ट्रॉन यांची समोरासमोर गाठ घालून अत्यल्प काळाचे क्ष-किरण मिळवायचे, या कामात मी आहे. आपल्यापुढे येणारे प्रस्ताव मी वाचते, आपण मंजूर केलेलेही वाचते. बहुतेकांच्या पहिल्याच पानावर एक आकडा ठळकपणे असतो : लेसर किती पेटावॉटचा, म्हणजे त्याची कमाल शक्ती किती (एक पेटावॉट म्हणजे एकावर १५ शून्यं एवढे वॉट). पुढची सगळी चर्चा त्या आकड्याभोवती फिरते. मंजुरीही बऱ्याचदा त्यावरच मिळते. माझी तक्रार या सवयीबद्दल आहे. अल्पकाळाचे किरण हवे असतील तर पैसा आणि माणसं सर्वात आधी इलेक्ट्रॉनच्या पुंजक्याकडे वळली पाहिजेत, त्याच्याखालोखाल मोजणीकडे. लेसरची कमाल शक्ती त्यानंतर येते. असं का, ते जरा सविस्तर सांगते.

हे स्पंद हवेत कशासाठी, हे आपल्याला ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. रेणूतला बंध तुटतो किंवा जुळतो तो दहा ते शंभर फेम्टोसेकंदांत (फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचाही दहा लाखावा भाग). इलेक्ट्रॉनच्या हालचाली त्याहून हजारपट लहान मापात, ॲटोसेकंदांत मोजाव्या लागतात. अणूच्या जगात काळाचं नैसर्गिक एकक साधारण २४ ॲटोसेकंदांचं आहे. फिरत्या पंख्याची पाती फोटोत वेगवेगळी दिसायला हवी असतील, तर कॅमेऱ्याचं झाकण पातं हलण्याआधीच मिटलं पाहिजे, इथेही तेच. शिवाय अणूंमधलं अंतर एक अँगस्ट्रॉमच्या (मीटरच्या एक हजार कोटीव्या भागाच्या) आसपास असल्याने प्रकाशाची तरंगलांबीही तेवढीच लहान लागते, म्हणजे क्ष-किरणच लागतात. स्पंद लहानही हवा आणि तरंगलांबीही लहान हवी, या दोन अटी एकत्र पाळणं हीच खरी अडचण.

२०२३ सालचं भौतिकीचं नोबेल पिएर अगोस्टिनी, फेरेन्झ क्राउझ आणि ॲन लुइलिए यांना मिळालं ते ॲटोसेकंद स्पंदांसाठी. २००१ मध्ये अगोस्टिनींच्या गटाने २५० ॲटोसेकंदांच्या स्पंदांची माळ दाखवली, क्राउझ यांच्या गटाने ६५० ॲटोसेकंदांचा एकटा स्पंद वेगळा काढला. २०१७ पर्यंत हा आकडा ४३ ॲटोसेकंदांवर आला. यातल्या एकाही कामाला पेटावॉट लागला नाही. टेबलावर मावणारा लेसर, वायूची बारीक फवार आणि वर्षानुवर्षांची नेटकी मोजणी यांवर ते उभं राहिलं. मात्र वायूतून निघणारा हा प्रकाश बहुतांशी अतिनील आणि मृदू क्ष-किरणांच्या टापूत राहतो. अँगस्ट्रॉमच्या तरंगलांबीकडे जाऊ लागलं की प्रकाशकणांची संख्या झपाट्याने घसरते. म्हणूनच वेगवान इलेक्ट्रॉनची गरज पडते.

आइन्स्टाइनने १९०५ मध्येच दाखवलं होतं की प्रकाशाकडे धावत येणाऱ्या आरशावरून परतलेल्या प्रकाशाची वारंवारता वाढते. आरशाच्या जागी इलेक्ट्रॉन ठेवला की तेच घडतं. इलेक्ट्रॉनची ऊर्जा त्याच्या स्थिर वस्तुमानातल्या ऊर्जेच्या गॅमापट असेल, तर समोरून आलेल्या लेसरचा प्रकाश गॅमाच्या वर्गाच्या चौपट वारंवारतेने परत फिरतो. पाच कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या इलेक्ट्रॉनसाठी गॅमा ९८ येतो आणि पट येते सुमारे ३८,०००. लेसरची तरंगलांबी ८०० नॅनोमीटर धरा, म्हणजे एका प्रकाशकणाची ऊर्जा दीड इलेक्ट्रॉन-व्होल्टहून थोडी जास्त. तो परततो सुमारे ६०,००० इलेक्ट्रॉन-व्होल्टचा कडक क्ष-किरण होऊन. किलोमीटरभर लांबीच्या यंत्राविना.

आता ज्या मुद्द्यासाठी हे पत्र लिहिते आहे, तो.

जेवढ्या पटीने वारंवारता वाढते, तेवढ्याच पटीने स्पंदाचा काळही आखडतो. ३० फेम्टोसेकंदांचा लेसर स्पंद एका इलेक्ट्रॉनवरून परतला, की त्या एका इलेक्ट्रॉनपुरता क्ष-किरणांचा स्पंद एका ॲटोसेकंदाहूनही लहान असतो. लेसरचा स्पंद दहापट लांबवला, ३०० फेम्टोसेकंदांचा केला, तरी एका इलेक्ट्रॉनचा वाटा आठ ॲटोसेकंदांच्या आतच राहतो. परंतु प्रयोगात इलेक्ट्रॉन एकटा नसतो, कोट्यवधींचा पुंजका असतो. पुढचा इलेक्ट्रॉन आधी किरण टाकतो, मागचा नंतर. त्यामुळे समोरासमोरच्या टकरीत क्ष-किरणांचा स्पंद साधारण पुंजक्याइतकाच लांब होतो. लेसर किती अल्पकाळाचा आहे, याने जवळपास काहीच फरक पडत नाही. पुंजका पाच फेम्टोसेकंदांचा असेल तर क्ष-किरण पाच फेम्टोसेकंदांचे. पुंजका पाच पिकोसेकंदांचा, म्हणजे हजारपट लांब, असेल तर जगातला सर्वात अल्पकाळाचा लेसर वापरूनही क्ष-किरण पाच पिकोसेकंदांचेच मिळतील.

याला एक जुनी पळवाट आहे. १९९६ मध्ये बर्कलीच्या गटाने लांबलचक पुंजक्यावर लेसर काटकोनात सोडला. पुंजक्याची जाडी ओलांडायला लेसरला जेवढा वेळ लागला तेवढाच क्ष-किरणांचा स्पंद निघाला, सुमारे ३०० फेम्टोसेकंदांचा, ३०,००० इलेक्ट्रॉन-व्होल्टचा. त्या काळात ही मोठीच झेप होती. मात्र काटकोनात ऊर्जा निम्म्यावर येते आणि पुंजक्यातले बहुतेक इलेक्ट्रॉन लेसरला भेटतच नाहीत. फेम्टोसेकंदाच्या घरात भरपूर प्रकाशकण हवे असतील तर पुंजकाच आखूड करणं भाग आहे.

आखूड पुंजका देण्याची सर्वात चांगली युक्ती पुन्हा लेसरच आहे, हे मी नाकारत नाही. ताजिमा आणि डॉसन यांनी १९७९ मध्ये सुचवलं की प्लाझ्मातून, म्हणजे ज्यातले इलेक्ट्रॉन अणूंपासून सुटे झाले आहेत अशा वायूतून, जाणारा प्रखर स्पंद आपल्यामागे विद्युत्क्षेत्राची लाट उठवतो आणि त्या लाटेवर इलेक्ट्रॉन स्वार होऊ शकतात. इलेक्ट्रॉनना वेग देणाऱ्या धातूच्या त्वरकात मीटरला सुमारे १० कोटी व्होल्टच्या पुढे गेलं की ठिणग्या पडू लागतात; प्लाझ्मात हजारपट जास्त चालतं, कारण तो आधीच मोडलेला पदार्थ आहे. २००४ मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि फ्रान्समधल्या तीन गटांनी एकाच सुमारास दाखवलं की यातून जवळपास एकसारख्या ऊर्जेचे इलेक्ट्रॉन काढता येतात. २०११ मध्ये फ्रान्समध्ये अशा पुंजक्याची लांबी मोजली गेली, ती दीड फेम्टोसेकंदाच्या आसपास भरली. २०१९ मध्ये बर्कलीत २० सेंटिमीटर प्लाझ्मातून ८०० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत मजल गेली. म्हणजे पुंजका आखूड असतो, हे सिद्ध झालं आहे. जमलेलं नाही ते दर वेळी सारखाच पुंजका काढणं.

इथे शक्तीचा आकडा आपली दिशाभूल करतो, ती कशी ते एका हिशोबातून दाखवते. एक जूल ऊर्जेच्या लेसर स्पंदात सुमारे चार अब्ज अब्ज प्रकाशकण असतात. तो स्पंद १० मायक्रॉन (मिलिमीटरचा शंभरावा भाग) त्रिज्येच्या ठिपक्यावर एकवटला आणि इलेक्ट्रॉनचा पुंजका त्या ठिपक्यात नीट बसला, तर इलेक्ट्रॉनवरून किती प्रकाश विखुरतो ते सांगणाऱ्या थॉमसनच्या सूत्राने दर इलेक्ट्रॉनमागे जवळपास एक प्रकाशकण परततो. एक जूल पुरे! पुंजक्यात सहा कोटी इलेक्ट्रॉन असतील, आणि हा विद्युतभार फक्त १० पिकोकूलोम आहे, तर कोट्यवधी क्ष-किरण प्रकाशकण निघतात. आता हीच एक जूल ऊर्जा ३० फेम्टोसेकंदांत कोंबली, तर तीव्रता एका चौरस सेंटिमीटरला एकावर १९ शून्यं एवढ्या वॉटपर्यंत जाते. ऐकायला भव्य. पण या तीव्रतेला इलेक्ट्रॉन लेसरच्या क्षेत्रात इतक्या जोराने हेलकावतो की पुढे जाण्याचा त्याचा वेग मंदावतो. क्ष-किरणांची ऊर्जा खाली घसरते. स्पंदाच्या मध्यावर जास्त, कडेला कमी, त्यामुळे वर्णपटातली नेमक्या एका ऊर्जेची रेषा फिसकटून पसरट होते आणि वर नको असलेल्या हरात्मक, म्हणजे मूळ वारंवारतेच्या पटीतल्या, वारंवारता उगवतात. उपाय सोपा आहे : तोच एक जूल ३०० फेम्टोसेकंदांवर पसरवा. तीव्रता दहापट उतरते, रेषा सावरते, प्रकाशकण तेवढेच मिळतात आणि क्ष-किरणांचा काळ, वर पाहिलं तसं, पुंजक्याइतकाच राहतो. कमाल शक्ती मुद्दाम उतरवली की प्रकाश सुधारतो. पेटावॉटवर गुण देणाऱ्या तक्त्यात या सुधारणेला उणे गुण मिळतात.

इलेक्ट्रॉनच्या बाबतीत मात्र सूट नाही. क्ष-किरणांची ऊर्जा गॅमाच्या वर्गाने बदलते, म्हणून इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेत पाच टक्के विस्कळीतपणा असेल तर क्ष-किरणांत दहा टक्के येतो. पुंजका थोडा फाकला, तर तिरके जाणारे इलेक्ट्रॉन कमी ऊर्जेचा प्रकाश सरळ दिशेत मिसळतात. ठिपक्याची त्रिज्या दुप्पट झाली की प्रकाशकण एक चतुर्थांशावर येतात. हे सगळं इलेक्ट्रॉनच्या शिस्तीवर ठरतं. शांघायच्या गटाने २०२१ मध्ये प्लाझ्मात त्वरित केलेल्या इलेक्ट्रॉनपासून मुक्त-इलेक्ट्रॉन लेसर (चुंबकांच्या रांगेतून नागमोडी जाणाऱ्या इलेक्ट्रॉनकडून लेसरसारखा प्रकाश काढणारं यंत्र) चालवून दाखवला, २७ नॅनोमीटर तरंगलांबीवर. तो चालला, कारण त्यांच्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा अर्ध्या टक्क्याच्या आसपास बांधलेली होती. त्या यशामागे ऊर्जा-विस्तार, म्हणजे ऊर्जेतला विस्कळीतपणा, कमी करण्याची चिकाटी आहे, आणि मला वाटतं आपल्या क्षेत्रातलं अलीकडच्या काळातलं सर्वात शिकण्यासारखं काम तेच आहे.

टकरीच्या जागेवर रोज काय चालतं, तेही आपण एकदा पाहायला या. निर्वात कक्षाच्या मध्यभागी केसाहून बारीक तार उतरवायची, तिच्या टोकावर आधी एक लेसर आणायचा, मग दुसरा, मग तार काढून घ्यायची आणि इलेक्ट्रॉन त्याच बिंदूतून जातात का ते चमकणाऱ्या पडद्यावर पाहायचं. एक मीटर नाभीय अंतराचा आरसा अवघा पाच मायक्रोरेडियन कलला, तर ठिपका दहा मायक्रॉन सरकतो आणि टक्कर हुकते. पंपाची थरथर, वातानुकूलनाचा झोत, एवढ्यानेही हे होतं. वेळेचंही तसंच. पोलादी टेबलाचा एक मीटर भाग एका अंशाने तापला तर तो १२ मायक्रॉन वाढतो. प्रकाशाला तेवढं अंतर कापायला ४० फेम्टोसेकंद लागतात. नमुन्याला छेडणारा स्पंद आणि त्याचा फोटो काढणारा क्ष-किरण यांच्यातलं घड्याळ तेवढं चुकलं, तर पाच फेम्टोसेकंदांचा क्ष-किरण असून उपयोग काय? खोलीचं तापमान अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत धरून ठेवणारी व्यवस्था प्रस्तावाच्या पहिल्या पानावर कधी दिसत नाही. खर्च कापायची वेळ आली की पहिली कात्री तिलाच लागते. हे मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिलं आहे.

हॅम्बुर्गच्या गटाने २०२० मध्ये सलग २४ तासांहून अधिक काळ प्लाझ्मा त्वरक चालवून एक लाख पुंजके काढले, आणि लेसरमधल्या कोणत्या बारीक बदलाने इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेत किती फरक पडतो हे त्या आकड्यांतून उलगडलं. त्यात विक्रमी ऊर्जा नव्हती, विक्रमी शक्ती नव्हती. पण कुठला आरसा, कुठला नाभीबिंदू, कुठली ऊर्जा-चढउतार दोषी आहे हे कळलं म्हणजे तो दोष दुरुस्त करता येतो. अशा कामाला आपण सहा दिवसांचा बीम टाइम देऊन भागवू शकत नाही. सहा दिवसांत जुळणी होते, दोन चांगले स्पंद मिळतात आणि सामान आवरावं लागतं.

मोजणीबद्दल थोडं कठोर लिहावं लागेल. आपल्या क्षेत्रातल्या अनेक अहवालांत क्ष-किरणांचा काळ ‘काही फेम्टोसेकंद’ असा दिलेला असतो आणि तो पुंजक्याच्या लांबीवरून किंवा संगणकीय नमुन्यावरून काढलेला असतो. प्रत्यक्ष क्ष-किरणांचा काळ मोजलेला नसतो. अनुमान वाजवी असेलही. तरीही तो अंदाज आहे आणि तसाच लिहायला हवा. मोठ्या मुक्त-इलेक्ट्रॉन लेसर केंद्रांनी हा प्रश्न टाळला नाही. स्टॅनफर्डच्या केंद्रात २००९ पासून कडक क्ष-किरणांचा लेसर चालतो; तिथे इलेक्ट्रॉनना आडवं फेकून त्यांची लांबी मोजणारी यंत्रणा बसवली गेली, आणि पुढे क्ष-किरणांनी अणूतून बाहेर काढलेल्या इलेक्ट्रॉनना फिरत्या ध्रुवीकरणाचा लेसर कोणत्या दिशेला वळवतो ते वाचून मृदू क्ष-किरणांचे अर्ध्या फेम्टोसेकंदाहून लहान स्पंद थेट मोजण्यात आले. आपल्या लेसर-इलेक्ट्रॉन स्रोतांत प्रकाशकण कमी असतात, त्यामुळे हे इथे कठीण आहे, मान्य. पण कठीण म्हणून अंदाजपत्रकातून वगळलं तर ते कठीणच राहील. मोजणीचं उपकरण लेसरच्या बरोबरीने बांधलं गेलं पाहिजे. लेसर उभा राहिल्यावर उरलेल्या पैशांतून नव्हे.

प्रचंड शक्ती निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. १९८५ मध्ये डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मुरू यांनी स्पंद ताणून, वाढवून, पुन्हा आवळण्याची रीत दिली नसती तर यातलं काहीच शक्य झालं नसतं. काही प्रश्नांना शक्तीच लागते. स्टॅनफर्डला १९९० च्या दशकात ४६.६ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या इलेक्ट्रॉनवर लेसर सोडून प्रकाशातून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या मिळवल्या. ब्रिटनमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, स्वतःच्याच किरणांच्या धक्क्याने इलेक्ट्रॉन मंदावतात याच्या खुणा दिसल्या. तिथे तीव्रता हाच प्रयोगाचा विषय आहे. रोमानियातल्या १० पेटावॉटच्या लेसरलाही असे प्रश्न आहेत आणि त्याने ते जरूर सोडवावेत. अगदी पातळ इलेक्ट्रॉन पत्र्यांना आरशासारखं उडवून त्यांवरून सुसंगत प्रकाश परतवायचा, ज्यात किरणांची शक्ती इलेक्ट्रॉनच्या संख्येच्या वर्गाने वाढते, ही बुलानोव्ह, एसिर्केपोव्ह आणि ताजिमा यांनी २००३ मध्ये मांडलेल्या कल्पनेसारखी वाटही मला मनापासून महत्त्वाची वाटते, आणि तिलाही प्रखर लेसर लागतोच. माझा आक्षेप एवढाच की ‘आम्ही अल्पकाळाचा क्ष-किरण स्रोत बांधतो आहोत’ असं म्हणून मागितलेला पैसा शक्तीच्या शर्यतीत जाऊ नये.

ज्याला ऊतीचे किंवा वस्तूचे नेमके फोटो हवेत आणि काळाची घाई नाही, त्याच्यासाठी छोट्या साठवण-कड्यात फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनवर साध्या लेसरने किरण काढणारं यंत्र म्युनिकजवळ २०१५ पासून काम करतं. ते का चाललं? कारण ते सेकंदाला कोट्यवधी वेळा तीच टक्कर घडवतं आणि दर वेळी ती सारखीच होते. त्याचे स्पंद पिकोसेकंदांचे आहेत, आपल्या कामाला फार लांब. पण सातत्याची किंमत काय असते ते तिथे दिसतं.

तर माझ्या मागण्या. यापुढच्या प्रस्तावात कमाल शक्तीच्या शेजारी तेवढ्याच अक्षरात हे लिहून मागा : एका टकरीत उपयोगी ऊर्जापट्ट्यात किती प्रकाशकण, सलग हजार टकरींत त्या संख्येत किती चढउतार, इलेक्ट्रॉनचा ऊर्जा-विस्तार किती, आणि क्ष-किरणांचा काळ मोजलेला की अंदाजलेला. यातलं एखादं उत्तर कोरं असेल तर ते कोरंच छापू द्या, त्यात कमीपणा नाही. टक्कर घडवणाऱ्या लेसरसाठी जूल मागणारे आणि शक्ती मुद्दाम उतरवणारे प्रस्ताव ‘कमी महत्त्वाकांक्षी’ म्हणून बाजूला टाकू नका. एखाद्या गटाला स्थैर्याच्या अभ्यासासाठी महिनाभर तेच यंत्र, त्याच जुळणीत, हात न लावता वापरायला द्या. आणि आरसे, घड्याळं, तापमान, संगणकी नियंत्रण सांभाळणाऱ्या तंत्रज्ञांची पदं प्रकल्पाच्या मुदतीपुरती ठेवू नका. लेसर पहिल्यांदा पेटल्यावर ती माणसं निघून जातात आणि पुढच्या प्रत्येक गटाला जुळणी मुळापासून शिकावी लागते.

पुढच्या फेरीच्या मूल्यांकनाचे तक्ते छापायला जाण्याआधी हे चार रकाने त्यांत घालता आले, तर प्रस्ताव लिहिणारे आम्ही सगळे आपोआप त्या दिशेने काम करू लागू.

आपली,
लेसर आणि इलेक्ट्रॉनच्या टकरीवर काम करणारी एक संशोधक